‘मी डोलकर’ची इतकी व्हर्जन आहेत, मग आपण वाजवलं की होडी का हलत नाही?

गुहागरकडच्या एका मुलाने विचारलंय. त्यांच्या खारवीवाडीचं (खारवी म्हणजे मासेमारी करणारा समाज) मंडळ यंदा गणपतीत ‘मी डोलकर डोलकर डोलकर दर्याचा राजा’ बसवतंय, एक गायक, एक गायिका, कीबोर्ड, पॅड, ढोलकी आणि मागे चार पोरं कोरसला. मोबाईलवर या गाण्याची पंधरा-वीस व्हर्जन ऐकली, त्यातलं एक जोरदार फास्टवालं पकडून महिनाभर तालीम केली, सूर चुकत नाहीत, शब्द पाठ आहेत, आणि आजी ओटीवर बसून ऐकून म्हणाली, “ह्याच्यात होडी हालत नाय.” आता त्याला कळत नाहीये की मूळ गाणं जसंच्या तसं करावं की फास्टवालंच ठेवावं, पट्टी कुठली धरावी, आणि व्हिडिओ टाकला तर कोणी हरकत घेईल का.

बाळा, तुझी क्लिप मी चार वेळा ऐकली. आजीचं शंभर टक्के बरोबर आहे. मी बत्तीस वर्षं हर्णै-दापोली पट्ट्यात वाजवतोय, आधी बेंजो पार्टीत, मग ऑर्केस्ट्रात कीबोर्डवर, आता तुमच्यासारख्या पोरांना गाणी बसवून देतो, आणि हे एक गाणं मी हळदीला, नारळी पौर्णिमेला, गॅदरिंगला, पालखीत, निवृत्तीच्या समारंभात, सगळीकडे वाजवलंय. त्यामुळे जरा लांबलचक लिहितो, सावकाश वाच.

पहिली गोष्ट म्हणजे ताल, आणि खरं तर सगळं तिथेच अडलंय. हे गाणं सहा मात्रांच्या झोक्यावर आहे, तीन आणि तीन. तोंडाने नुसतं म्हणून बघ, ‘डोल’ लांब, ‘कर’ आखूड, परत ‘डोल’ लांब, ‘कर’ आखूड. दोन मात्रा आणि एक मात्रा. हे उगाच नाही, वल्हं पाण्यात असतं तेव्हा ओढ लांब असते, आणि पाण्याबाहेर काढून परत पुढे टाकायचं ते चटकन होतं, लांब-आखूड लांब-आखूड असंच ते चालतं. तुमच्या पॅडवाल्याने काय केलंय, चारचा सरळ ठेका लावलाय, धप्प धप्प धप्प धप्प, आणि गायकाला त्यात बसायचंय म्हणून त्याचा ‘डोल’ पण तेवढाच आणि ‘कर’ पण तेवढाच झालाय. सूर तेच, शब्द तेच, पण वल्हवणं गेलं आणि परेड आली. आजीला संगीताची भाषा येत नसेल, पण उभा जन्म तिने होड्या बघितल्यात, तिला ते पहिल्या ओळीत कळलं.

मला हे कसं कळलं ते सांगतो. नव्वदीची गोष्ट, हर्णैला एका लग्नात हळदीच्या रात्री आमचा ऑर्केस्ट्रा होता. तेव्हा डिस्को ठेक्याची हवा होती, प्रत्येक गाणं त्यातच बसवायचं, आम्ही हे पण बसवलं होतं आणि आम्हाला ते फार भारी वाटत होतं. गाणं सुरू झालं तशा सगळ्या बाया पदर खोचून उठल्या, फेर धरला, दोन फेऱ्या झाल्या आणि हळूहळू एकेक जण बाजूला व्हायला लागली. कोणी काही बोललं नाही, नुसत्या बसल्या. गाणं संपल्यावर एक म्हातारा तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, स्टेजच्या कडेला आला, ढोलकीवाल्याजवळ खुर्ची ओढून बसला आणि खुर्चीच्या हातावर हाताने वाजवून दाखवायला लागला. त्याचं एकच वाक्य माझ्या डोक्यात कायमचं राहिलंय, “वल्ह्याला पाणी सोडायला जागा ठेवा की रे.” म्हणजे प्रत्येक ओढीनंतर वल्हं पाण्यातून सुटतं तो जो पाव क्षण आहे तो वाजवायचा नाही, तो मोकळा सोडायचा. ढोलकीवाल्याने तिथल्या तिथे तिसरी मात्रा हलकी केली, नुसता बोटाचा स्पर्श, आम्ही गाणं परत घेतलं, आणि त्याच बाया परत उठल्या. त्या रात्रीपासून मी कुठलंही कव्हर ऐकलं की आधी एवढंच बघतो, पाणी सोडायला जागा ठेवलीय का.

आता मूळ गाण्याबद्दल, कारण तू ‘पारंपरिक कोळीगीत’ असं निवेदनात लिहिलंयस ते आधी खोड. हे पारंपरिक नाही. शब्द शांता शेळक्यांचे आहेत, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं, आवाज लता मंगेशकर आणि हेमंतकुमार. ‘वादळवारं सुटलं गो’ आणि ‘राजा सारंगा’ हीसुद्धा शांताबाई आणि हृदयनाथ यांचीच, लताबाईंनी गायलेली. गंमत बघ, शांताबाईंचा जन्म इंदापूरचा, पुणे जिल्हा, समुद्रापासून किती आत. हेमंतकुमार बंगाली. मंगेशकरांचं मूळ गोव्यातल्या मंगेशीचं, तेवढाच काय तो किनारा. आणि या मंडळींनी केलेलं गाणं कोळीवाड्यांनी असं काही आपलंसं केलं की आज कोळ्यांनाच ते वाडवडिलांपासून आलंय असं वाटतं. माझ्या मते कुठल्याही गाण्याला याहून मोठी पावती नाही, पण म्हणून नावं पुसायची नाहीत. स्टेजवर चारही नावं घे, पाच सेकंद लागतात.

आणि डोलकर म्हणजे डोलणारा नव्हे बरं का, गॅदरिंगला पोरांना हेच शिकवतात आणि मग पोरं नुसती डावीकडे-उजवीकडे डुलत बसतात. डोल म्हणजे पिशवीसारखं निमुळतं मोठं जाळं, भरती-ओहोटीच्या ओढीला तोंड करून लावून ठेवायचं, पाण्याबरोबर बोंबील, जवळा आपसूक आत येतो. ते लावणारा तो डोलकर. आपल्या दक्षिणेकडे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, जास्त, डोल ही मुंबई-अलिबागकडची. म्हणून गाण्याची बोली पण तिकडची आहे, आणि हा मुद्दा पुढे येणार आहे.

हेमंतकुमारांच्या आवाजाबद्दल थोडं. कव्हर करणारे पुरुष गायक इथे नव्वद टक्के वेळा चुकतात. त्यांना वाटतं ‘दर्याचा राजा’ म्हणजे छाती काढून ओरडायचं. मूळ रेकॉर्डिंग परत ऐक, तो माणूस ओरडत नाही. खालचा, रुंद, शांत आवाज आहे, ज्याला समुद्र रोजचाच आहे असा. दर्याचा दरारा मोठा आहे, डोंगराएवढ्या लाटा उठतात असं तो सांगतो तेव्हासुद्धा आवाज चढत नाही, आणि म्हणून ते खरं वाटतं. त्याच्यावर लताबाईंचा आवाज येतो तो एकदम वरून, उन्हासारखा. खाली पाणी वर ऊन, हे गाणं त्या दोन आवाजांच्या अंतरावर उभं आहे. दोघांनी एकाच जोराने गायलं की अंतर संपलं आणि गाणं सपाट झालं. तुमच्या क्लिपमध्ये मुलगी छान गातेय, मुलाला सांग की माईकच्या जवळ ये आणि अर्ध्या आवाजात गा.

आता तू जी पंधरा-वीस व्हर्जन ऐकलीस त्यांच्याबद्दल. ती सगळी एका मापाने मोजू नकोस, कारण प्रत्येक वाद्याची स्वतःची अडचण असते आणि गाणं त्या अडचणीप्रमाणे बदलतं.

ब्रास बँडचं घे. ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट ही बी फ्लॅटची वाद्यं, त्यांना बोटांना सोप्या पडणाऱ्या पट्ट्या म्हणजे आपली पेटीवरची काळी पाच, काळी दोन, त्यामुळे बँडवाले गाणं तिकडे ओढतात, गायकाचा प्रश्नच नसतो. फुंकायचं असल्याने दमसास लागतो, लांब ओळी ते मधे तोडतात, आणि चालत वाजवायचं असतं म्हणून लय पायाच्या वेगाला येते. पण चांगल्या बँडमधला साईड ड्रमवाला सहाचा झोका सोडत नाही, आणि वरात त्यावर आपोआप डुलत चालते. मला बँडचं ‘डोलकर’ आवडतं. त्यात हरकती नसतात, मुरक्या नसतात, नुसती चाल उरते, आणि नुसती चाल उरल्यावर कळतं की हृदयनाथांनी किती पक्कं काम केलंय.

बेंजो हा माझा जीव, म्हणून इथे जरा थांबतो. आपण ज्याला बेंजो म्हणतो त्याचा अमेरिकेतल्या बँजोशी काही संबंध नाही. हे वाद्य मूळचं जपानी, तैशोगोतो म्हणतात त्याला, नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ साली काढलं, त्याच वर्षी जपानात तैशो राजवट सुरू झाली म्हणून तसं नाव. टाईपरायटरसारख्या कळा बसवलेल्या तारा, आपल्याकडे ते बुलबुल तरंग झालं, मग पिकअप लागला, अँप्लिफायर लागला आणि गणपतीच्या मिरवणुकीत हातगाडीवर चढलं. आता याची अडचण काय, कळ दाबली की तो स्वर आणि सोडली की संपला, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही, मींड नाही. लताबाई जिथे आवाज अलगद वळवतात तिथे बेंजोवाल्याला ते वळण तीन-चार तुकड्यांत ठोकून दाखवावा लागतो, आणि स्वर लांबवायचा तर पिकाने तारेवर सतत थरथर करत राहायचं. म्हणून बेंजोचं ‘डोलकर’ थरथरतं. ती थरथर आमच्या लोकांच्या कानात इतकी बसलीय की परवा एका पोराने मला विचारलं की मूळ रेकॉर्डमध्ये तो थरथरणारा पीस कुठेय. तो तिथे नाहीच, तो आमच्या वाद्याच्या अडचणीतून आलाय आणि आता गाण्याचा भाग झालाय. जिवंत कव्हर मी यालाच म्हणतो. गाण्यात काहीतरी भरायचं म्हणून भरलं नाही, आपल्या हातातल्या वाद्याने गाणं प्रामाणिकपणे वाजवायला गेलो आणि नवीन काहीतरी सापडलं.

ऑर्केस्ट्रावाल्या व्हर्जनमध्ये अडचण उलटी आहे, सगळं सोपं झालंय. कीबोर्डात रेडिमेड कोळी स्टाईल येते, बटण दाबलं की सुरू, पॅडवर लूप टाकला की सुरू. तो लूप सहाचाच असतो, चुकीचा नसतो, पण तो दर वेळी तोच असतो. माणूस वल्हवतो तेव्हा दहावी ओढ पहिलीसारखी नसते. म्हणून माझं सगळ्यांना सांगणं असतं की लूप लावा पण बारीक ठेवा, आणि वर ढोलकी हाताने वाजवा, झोका ढोलकीचा, लूप नुसता आधाराला.

डीजे रिमिक्सला मी सरसकट वाईट म्हणत नाही, आणि तुमच्या ‘फास्टवाल्या’बद्दल पण तेच. किक धपाधप पडली म्हणून गाणं मरत नाही. किक जर तीन-तीन मात्रांच्या प्रत्येक पावलावर पडत असेल आणि मधल्या दोन मात्रा हाय-हॅट किंवा शेकर तशाच झोक्यात ठेवत असेल तर वेग वाढवूनही होडी हलते, नुसती इंजिन बसवलेली होडी होते. काही पोरांनी असं केलंय आणि ते मस्त वाजतं. मरतं कधी, तर तीनचं घर मोडून दोनचं केलं की. तुम्ही पकडलेल्या व्हर्जनमध्ये नेमकं तेच झालंय, त्यामुळे वेग कमी केलात तरी उपयोग नाही, घर बदलावं लागेल.

मग ती गिटारवर हळू, उदास करून म्हटलेली. त्यातली एक-दोन ऐकायला बरी आहेत, आवाज गोड आहेत. पण हे कामाचं गाणं आहे, हातात वल्हं असलेल्या माणसाचं, त्यात कामाचा दम नसेल तर मला ते पोस्टकार्डावरच्या समुद्रासारखं वाटतं. हे माझं मत.

शाळेच्या गॅदरिंगची तर बातच वेगळी, पुठ्ठ्याची वल्ही, डोक्यावर टोपल्या, ट्रॅक मधेच अडकतो आणि पोरं तशीच नाचत राहतात, तिथे मी काहीच बोलत नाही. तिथूनच पुढची पिढी गाणं शिकते.

‘व्हर्जन’ हा शब्द आमच्या धंद्यात कॅसेटच्या काळात आला. तेव्हाच्या कॉपीराइट कायद्यात अशी सोय होती की मूळ रेकॉर्ड निघून दोन वर्षं झाली की सूचना देऊन, रॉयल्टी भरून तेच गाणं दुसऱ्या आवाजात रेकॉर्ड करता यायचं. गुलशनकुमारांच्या टी-सिरीज कंपनीने ऐंशीच्या दशकात त्यावर केवढा बाजार उभा केला, जुनी हिंदी गाणी नव्या गळ्यांत, स्वस्तात. अनुराधा पौडवाल यांच्यासारख्या गायिकेने पण तेव्हा अशी कव्हर गायली, त्या मूळच्या कारवारच्या, म्हणजे आपल्याच किनाऱ्याच्या. चिपळूणला एसटी स्टँडसमोर त्या कॅसेटी घेऊन मी गाणी बसवायला शिकलो, कारण मूळ महाग होत्या. त्यातून मला एक कळलं की हुबेहूब नक्कल केलेलं कव्हर लोक घेतात ते स्वस्त म्हणून, मूळ हाताशी आलं की ते बाजूला पडतं. आज मूळ सगळ्यांच्या खिशात फुकट आहे. तेव्हा ‘जसंच्या तसं करावं का’ याचं उत्तर, झोका आणि शब्द जसेच्या तसे, बाकी तुमच्या वाडीचं वाजू दे. तुमच्याकडे कोणी घुमट वाजवणारं असेल तर त्याला घ्या, नमनातला, म्हणजे आपल्या कोकणी लोकनाट्यातला, मृदंग असेल तर तो घ्या, मूळात व्हायोलिन आहेत म्हणून कीबोर्डवर खोटी व्हायोलिन लावायची काही गरज नाही.

आता बोली. इथे मी फार हट्टी आहे. शांताबाईंनी हे कोळी-आगरी बोलीत लिहिलंय, त्यात ळ चा ल होतो, ड चा र होतो, ण चा न होतो. चोळी नाही चोली, साडी नाही सारी, लाडाची नाही लाराची, कोळीवाडा नाही कोलीवारा, पाणी नाही पानी, माझ्या नाही माज्या. तुमची गायिका चांगली शिकलेली आहे हे ऐकूनच कळतं, म्हणून तिने नकळत अर्धे शब्द ‘सुधारले’ आहेत. ‘सारी’चं तिने ‘साडी’ केलं पण आधीच्या ओळीतला ‘लारी’ तसाच ठेवला, म्हणजे यमकच मोडलं की. आणि नुसतं यमक नाही, तोंडात ‘ळ’ आणि ‘ड’ म्हणायला जीभ मागे वळवावी लागते, ‘ल’ आणि ‘र’ पुढच्या पुढे सुटतात, त्यामुळे मूळ बोलीत शब्द पाण्यासारखे घसरतात आणि पुस्तकी उच्चारात अडखळतात. फास्ट गाताना तिची तिथेच ओढाताण होतेय, तिला वाटतंय लय जास्त आहे, लय नाही, उच्चार अडतायत.

उलटी चूक पण सांगून ठेवतो. काही गायक बोली म्हणजे विनोद समजून नाकात, हेल काढून म्हणतात. तसं अजिबात नको. ती कोणाच्या तरी आईची भाषा आहे. तुमची वाडी खारव्यांची, तुमचं बोलणं या गाण्यापेक्षा वेगळं आहे हे मला माहितीये, तरी आजीला शेजारी बसवून शब्द म्हणून घ्या, तिचा ‘पानी’ आणि तुमच्या गायिकेचा ‘पाणी’ यातला फरक ऐकला की काम झालं.

पट्टीचं. युगलगीतात पट्टी ही कायम भांडणाची जागा. लताबाईंच्या जागा वर आहेत, आपल्याकडच्या मुलींना त्या पेलत नाहीत म्हणून सगळे पट्टी खाली आणतात, आणि मग पुरुषाचा खर्ज इतका खाली जातो की ढोलकीच्या खाली गाडला जातो, ऐकूच येत नाही. तिथे मग तो ओरडायला लागतो, आणि वर लिहिलं ते सगळं बिघडतं. मी काय करतो सांगतो. आधी मुलाचं ध्रुपद धरतो, कारण ते परत परत येतं आणि कोरसही तेच उचलतो. त्याचा सगळ्यात खालचा स्वर माईकवर नीट, न दाबता येईल अशी सगळ्यात खालची पट्टी शोधायची, तिथून एकेक स्वर वर जायचं. मग मुलीला तिचा सगळ्यात वरचा तुकडा उभं राहून, सलग तीन वेळा, म्हणायला लावायचा. बसून एकदा येतो तो स्वर स्टेजवर येईलच असं नाही. दोघांचं जिथे जुळतं ती पट्टी, मग ती काळी दोन असो नाहीतर पांढरी चार असो, मूळ रेकॉर्डची कुठली आहे याला काही महत्त्व नाही.

जुळतच नसेल तर मुलीच्या कडव्याआधी छोटा फिलर घेऊन पट्टी बदलायची, कीबोर्डला ट्रान्सपोज बटण आहे, त्याला सोपं. पण ढोलकी पट्टीत लावलेली असते हे विसरू नका, त्यासाठी दुसरी ढोलकी तयार ठेवावी लागते. आणि भाद्रपदात आपल्याकडे हवा अशी दमट की लावलेली ढोलकी अर्ध्या तासात उतरते, शाईचा आवाज बसतो. स्टेजच्या मागे हॅलोजनचा दिवा लावून ढोलकी त्याच्या उबेला ठेवा, फार जवळ नको, कातडं तडकतं. तुमचं गाणं कार्यक्रमात कितवं आहे ते ढोलकीवाल्याला आधी सांगा. हे छोटं वाटतं, पण मी दोन कार्यक्रम निव्वळ या कारणाने फुकट गेलेले बघितलेत.

लय मी दर पावलाला, म्हणजे तीन मात्रांना एक ठोका धरून, मेट्रोनोमवर ९५ ते १०५ च्या मधे ठेवतो. नाचायचं असेल तर ११० पर्यंत जा. त्याच्या वर ढोलकीवाल्याला तिसरी मात्रा हलकी सोडायला वेळच मिळत नाही, पाणी सोडायची जागा जाते.

परवानगीचा प्रश्न तू विचारलास हे मला आवडलं, सहसा कोणी विचारत नाही. गाण्याला दोन-तीन वेगळे हक्क असतात, शब्दांचा, चालीचा आणि त्या मूळ रेकॉर्डिंगचा. शब्दांचा हक्क कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो, शांताबाई २००२ मध्ये गेल्या, म्हणजे २०६२ अखेरपर्यंत. हृदयनाथजींची चाल तर अर्थातच हक्कात आहे. पण कायद्यात सवलतीही आहेत. हौशी मंडळाने तिकीट न लावता लोकांसमोर गाणं सादर केलं तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये त्याला सूट आहे, तसंच खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत आणि लग्नाच्या वरातीत वाजवण्याला पण. तुमचा वाडीतला फुकट कार्यक्रम हौशी मंडळाच्या सवलतीत बसतो. तिकीट लावलंत किंवा पैसे घेऊन दुसरीकडे कार्यक्रम केलात की गोष्ट बदलते, मग आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांच्या हक्कांचे पैसे गोळा करणाऱ्या संस्थेचं, लायसन्स बघावं लागतं.

रेकॉर्ड करून विकायचं किंवा प्रसिद्ध करायचं असेल तर २०१२ च्या दुरुस्तीनंतर कलम ३१सी आहे, मूळ रेकॉर्ड निघाल्यावर पाच वर्षं झाली की सूचना देऊन आणि निदान पन्नास हजार प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरून कव्हर करता येतं, गाण्यात मनमानी बदल करता येत नाहीत, आणि हे कव्हर आहे हे वर स्पष्ट लिहावं लागतं. हे फक्त आवाजाच्या रेकॉर्डिंगला लागू, चित्राबरोबर वापरायचं तर वेगळी परवानगी. यूट्यूबवर टाकलंत तर त्यांची यंत्रणा चाल ओळखते आणि बहुतेक वेळा जाहिरातीचे पैसे हक्कदाराकडे जातात, कधी व्हिडिओ अडतोही. एक मात्र नक्की करू नका, मूळ रेकॉर्डमधून आवाज काढून बनवलेला मायनस ट्रॅक मागे लावू नका, तिथे रेकॉर्डिंगचा हक्क पण येतो. सगळं स्वतः वाजवा. तुमच्याकडे माणसं आहेत ना.

आता उद्याच्या तालमीत काय करायचं. कीबोर्ड, पॅड, माईक सगळं बंद. सगळ्यांनी जमिनीवर बसायचं, तुमच्याकडे कोणी काका-मामा हाताने वल्हवलेले असतील त्यांना पुढे बसवायचं आणि त्यांना हवेतच वल्हं मारायला सांगायचं, डोळे मिटून, त्यांच्या वेगाने. ढोलकीवाल्याने त्यांच्या खांद्याकडे बघून वाजवायचं, तोंडाकडे नाही. पहिली दहा मिनिटं कोणी गायचं नाही. मग कोरसने नुसतं ध्रुपद घ्यायचं, हळू आवाजात, मग मुलगा, मग सगळ्यात शेवटी मुलगी. चारचा ठेका पॅडमधून डिलीटच करून टाका, म्हणजे परत बोट तिकडे जाणार नाही. दोन दिवस असं झालं की तिसऱ्या दिवशी वाद्यं लावा आणि आजीला ओटीवर बसवा. तिला काही विचारू नका, तिचं अंग हलतंय का तेवढं बघा, आणि ती क्लिप मला पाठव.